गिअर ऑइलमधून निघालेली कपची: गाडी उभी करू की चालवू?

चिखलवाट (धागाकर्ता)

मंडळी, बोटाला टोचलं म्हणून हा धागा.

गाडी सेकंडहँड घेतलेली फोर बाय फोर आहे. शिडी चेसिस, मॅन्युअल गिअरबॉक्स, पार्ट टाइम ट्रान्सफर केस (हवी तेव्हा पुढच्या चाकांनाही ताकद देणारी पेटी), पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आणि पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब (चाक अ‍ॅक्सल शाफ्टला जोडायचं किंवा मोकळं करायचं ते यांनी). मीटरवर १,१२,००० किमी. आधीच्या मालकाने तेलं कधी बदलली याचा एकही कागद नाही. म्हणून काल चारही ठिकाणची तेलं एका दमात बदलायला घेतली. वीस मिनिटं गाडी फिरवून आणली आणि तेल गरम असतानाच सोडलं.

गिअरबॉक्सचं तेल उन्हात धरलं तर सोनेरी चमक. मेटॅलिक रंगाच्या डब्यात डोकावल्यासारखं वाटतं. चुंबक फिरवला, ती चमक हलत नाही.

ट्रान्सफर केसचं तेल काळपट, पण साफ.

मागच्या डिफरन्शियलच्या (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा दातांचा गोळा) ड्रेन प्लगला, म्हणजे तेल सोडायच्या बुचाला, चुंबक आहे. त्यावर राखाडी लेपाचे काटे उभे होते, साळिंदरासारखे. बोटाने पुसायला गेलो आणि टोचलं. लेपात एक कपची होती, साधारण ४ मिमी लांब, जेमतेम १ मिमी जाड. चुंबकाला घट्ट चिकटते.

पुढच्या डिफरन्शियलचं तेल दुधाळ तपकिरी. धातू जवळपास नाहीच, त्यामुळे तिकडची चिंता नाही.

ती कपची रुमालात बांधून ठेवली आहे आणि रात्रभर झोप नाही. गाडी उभी करू की चालवू? आवाज म्हणाल तर मला तरी काही येत नाही, पण टायर चिखलाचे आहेत, त्यांचाच एवढा घोष असतो की आत दात पडले तरी ऐकू येणार नाही.

अर्धवट ज्ञानी

गाडी जागची हलवू नका. क्राऊनचा, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, दात गेलाय. एक गेला की बाकीचे ओळीने जातात. आख्खं डिफरन्शियल उतरवून नवीन क्राऊन-पिनियन (पिनियन म्हणजे क्राऊनला फिरवणारं लहान दातेरी चाक) टाका आणि मोकळे व्हा.

तेलकट हात

ज्ञानीभाऊ, फोटोसुद्धा न बघता ऑपरेशन सांगितलंत की!

चिखलवाट, आधी लेपाचं बघू. राखाडी, मऊ, दोन बोटांत चोळला की पेन्सिलच्या शिश्यासारखा पसरतो आणि टोचत नाही, तो लेप म्हणजे रोजची झीज. दात दातावर घासणार, बेअरिंग फिरणार, त्यातून मैद्यापेक्षा बारीक लोखंड सुटणारच. चुंबक ठेवलाय तो त्यासाठीच. १,१२,००० किमीला आणि बहुधा कधीच न बदललेल्या तेलाला साळिंदर निघालं, यात मला नवल वाटत नाही. नव्या गाडीच्या पहिल्या बदलात तर याहून जास्त निघतं, कारण नवे दात एकमेकांशी जुळवून घेत असतात.

काळजी लेपाच्या जाडीची करायची नसते, आकाराची करायची. चोळल्यावर बोटात पापुद्रे लागले, पातळ, चकचकीत, टिकलीसारखे, तर बेअरिंगच्या पाटीचा (रोलर जिच्यावर फिरतात ती कडी) किंवा दाताचा पृष्ठभाग सोलवटतोय. लांब कुरळा तार निघाला तर कुठेतरी कडक धातू मऊ धातूला तासतोय, किंवा कारखान्यातल्या यंत्रकामाचा कीस इतकी वर्षं आत पडून होता. ठोकळा निघाला तर तो कोणत्या भागाचा तुकडा ते ओळखेपर्यंत पुढे जायचं नाही.

तुमची कपची तिसऱ्या जातीत बसते. तेव्हा माझे प्रश्न: कडा गोल झाल्यात की धारदार आहेत? तुटलेली बाजू दाणेदार दिसते का? जाडी सगळीकडे सारखी आहे का? आणि अ‍ॅक्सल हाऊसिंगवर, जिथे डिफरन्शियलचा गोळा बोल्टने बसवलेला असतो, तिथल्या जोडावर सिलिकॉनचा ओघळ दिसतो का? कंपनीने बसवलेला जोड आणि कोणीतरी उघडून पुन्हा बसवलेला जोड, लांबूनही वेगळा कळतो.

घाटातली

गिअरबॉक्सच्या सोनेरी चमकेबद्दल मी सांगते, कारण त्यातून मी गेले आहे.

ते पितळ आहे. सिंक्रोनायझर रिंगचं. गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या भागांना ही रिंग घासून एका गतीवर आणते, म्हणजे झिजणं हे तिचं कामच आहे. पितळ चुंबकाला धरत नाही, म्हणून तुमचा चुंबक फिरवून उपयोग झाला नाही. थोडी चमक चालते. पण माझ्या गाडीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला करकर यायला लागली होती आणि तेल सोडलं तर सोन्याचं पाणी. खोदून विचारल्यावर कळलं की आधीच्या सर्व्हिसला एका वर्कशॉपने गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, दोन्हीकडे एकाच पिंपातलं जीएल-५ (गिअर ऑइलचा एक वर्ग) ओतलं होतं. ‘मॅडम, हे वरच्या दर्जाचं आहे’ असं वर ऐकवलं.

तुमच्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्ससाठी काय लिहिलंय ते आधी बघा.

दहा-बाराचा पाना

हा जीएल-४, जीएल-५ चा बाऊ मला कधी कळला नाही. पाच चारपेक्षा मोठे. जास्त संरक्षण. पितळ खातं वगैरे जुन्या काळच्या गोष्टी. मी चारही ठिकाणी ७५डब्ल्यू-९० (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा) जीएल-५ घालतो, गाडी मस्त पळते.

निवृत्त धातुवाला

पानेराव, हे आकडे शाळेच्या इयत्ता नव्हेत. काम वेगळं, म्हणून वर्ग वेगळा.

डिफरन्शियलमध्ये हायपॉइड दात असतात. पिनियनचा आस क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा खाली सरकवलेला असतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शियलपर्यंत ताकद आणणारा दांडा) खाली जातो आणि गाडीची तळफळी खाली आणता येते. १९२० च्या दशकात ग्लिसन वर्क्सने ही रचना आणली आणि पॅकार्डच्या मोटारींत ती आली, त्यामागचं एक मोठं कारण हेच. पण आस सरकवला की दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबवर घसरतात. त्या घसरणीत आणि दाबात साधा तेलाचा थर टिकत नाही. मग गंधक आणि फॉस्फरसची रसायनं धातूवर एक बळीचा थर चढवतात. दात घासले की तो थर जातो, धातू वाचतो. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. जुन्या गिअर ऑइलचा तो नाकात बसणारा वास या गंधकाचाच.

हेच गंधक गरम असताना तांब्याच्या मिश्रधातूंवर चढतं. तुमचं एक म्हणणं खरं आहे: आजची चांगली जीएल-५ तेलं पूर्वीइतकी पितळखाऊ नाहीत. तांब्याची पट्टी गरम तेलात बुडवून ठेवायची आणि ती किती काळवंडते ते बघायचं, ही एएसटीएम डी१३० नावाची चाचणी त्यासाठीच असते. पण दुसरा मुद्दा राहतोच. सिंक्रो रिंगला काम करायला घर्षण लागतं. तेल फार निसरडं झालं की रिंग पकडत नाही, घसरत राहते, गिअर करकरतो, आणि त्या घसरण्यात रिंग झिजते ती झिजतेच. रसायनाने खाल्लं नाही तरी पितळ गेलंच.

दोन्ही वर्ग पाळणारी तेलं मिळतात, आणि काही गिअरबॉक्सना कंपनीच जीएल-५ सांगते. मॅन्युअल म्हणेल ते. पान उघडायला पाना लागत नाही.

दहा-बाराचा पाना

शेवटच्या वाक्याबद्दल निषेध. बाकी विचार करतो.

निवृत्त धातुवाला

आता कपचीकडे. धागाकर्ते, घरात बारीक दातांची कानस आहे का? नवीन, धार असलेली हवी. कपची पकडीत धरा आणि कानस हलकेच फिरवा.

क्राऊन-पिनियनचे दात कार्बन मुरवून वरून कडक केलेले असतात. पृष्ठभाग कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ५८ ते ६२ च्या आसपास. बेअरिंगचे रोलर आणि पाट्याही तशाच कडक. कानस स्वतः याच पट्ट्यात किंवा किंचित वर असते, त्यामुळे अशा धातूवर ती काचेवर फिरवल्यासारखी घसरते, चावत नाही. साध्या पोलादावर मात्र कीस निघतो.

एक काळजी घ्या. दाताचा गाभा मऊ ठेवलेला असतो, नाहीतर दात धक्क्याने तुटेल. म्हणून कपची दाताची असेल तर एका बाजूने कानस घसरेल आणि दुसऱ्या बाजूने चावेल. सगळ्या बाजू तपासा, एक बाजू बघून निकाल लावू नका.

नवशिक्या

वाचतोय, वाखुसा (वाचनखूण साठवली). मधेच एक प्रश्न, रागावू नका. मलाही हे घरी करायचं आहे. आधी कोणता प्लग उघडायचा?

तेलकट हात

वरचा! भरायचा! नेहमी!

ड्रेन आधी उघडला, सगळं तेल परातीत आलं, आणि मग कळलं की भरायचा प्लग गंजून बसलाय, पाना गोल फिरतोय. आता रिकाम्या डिफरन्शियलची गाडी जॅकवर उभी. हे माझ्याच बाबतीत घडलंय, रविवारी संध्याकाळी. तेव्हापासून भरायचा प्लग हाताने फिरेपर्यंत ड्रेनला हात लावत नाही.

आणि भरताना गाडी सपाट जागेवर, चारही चाकं एका पातळीत. तेल भोकातून ओघळायला लागलं की थांबायचं. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून मागची बाजू खाली करून ओतू नका. जास्तीचं तेल फेसाळतं आणि सीलमधून ब्रेकच्या पॅडवर येतं. प्लगखालची तांब्याची वॉशर नवीन घाला.

चिखलवाट (धागाकर्ता)

कानस फिरवली. दोन्ही सपाट बाजू, आणि कडा. सगळीकडे चावते, छान चमकदार कीस निघतो. ताडून बघायला एक जुना बेअरिंग रोलर होता, त्यावर कानस शब्दशः घसरली. फरक हाताला लगेच कळतो, लिहून सांगता येणार नाही.

तेलकट हातांच्या प्रश्नांची उत्तरं: जाडी सगळीकडे सारखी. एक कड दाणेदार, तुटलेली. बाकीच्या कडा सरळ, गुळगुळीत, जणू कात्रीने कापल्या. आणि एका टोकाला कपची किंचित वाकलेली आहे.

हाऊसिंगच्या जोडावर सिलिकॉन आहे. लाल रंगाचं, भरपूर, बाहेर ओघळलेलं. म्हणजे कोणीतरी उघडलंय?

निवृत्त धातुवाला

मग ती दाताची नाही, बेअरिंगचीही नाही. सारखी जाडी आणि कापलेल्या कडा म्हणजे पत्र्यातून काढलेली वस्तू. माझ्याकडून एवढंच. पत्रा कुठला, ते गॅरेजवाल्यांनी सांगावं.

तेलकट हात

मी सांगतो, पण पैज लावत नाही. क्राऊन ज्या बोल्टनी बसलेला असतो, त्यांच्या डोक्याखाली बऱ्याच जुन्या धाटणीच्या डिफरन्शियलमध्ये लॉक प्लेट असते. बोल्ट आवळला की प्लेटचा कान हातोडीने वर वाकवून बोल्टच्या चपट्या बाजूला टेकवायचा, म्हणजे बोल्ट ढिला होत नाही. ही प्लेट एकदाच वापरायची असते. उघडताना कान सरळ केला आणि जोडताना परत वाकवला की वाकवलेल्या जागी चीर पडते आणि कधीतरी कान तुटतो. लाल सिलिकॉनवाला जो कोणी होता, त्याने जुन्याच प्लेटा परत लावल्या असाव्यात.

कुठून तरी बोअरस्कोप कॅमेरा मिळवा. मोबाइलला लागणारा, वायरीच्या टोकाला दिवा असलेला. भरायच्या भोकातून आत सोडा, मागची चाकं जॅकवर घ्या, पुढच्या चाकांना अडण लावा, गिअर न्यूट्रलला, आणि दुसऱ्या माणसाला प्रोपेलर शाफ्ट सावकाश फिरवायला सांगा. क्राऊनचे सगळे दात आणि सगळ्या प्लेटांचे कान मोजा.

बरं, आता माझा खरा मुद्दा. पन्नास ओळी झाल्या, सगळे मागच्या डिफरन्शियलच्या रुमालाभोवती बसलेत. पुढच्यातून दुधाळ तेल आलंय, त्याचं काय? धागाकर्ते म्हणतात, धातू नाही म्हणून चिंता नाही. मला उलट वाटतं. चारांमधलं एकच तेल आज बिघडलेलं आहे, आणि ते तेच.

चिखलवाट (धागाकर्ता)

आता पोटात गोळा आला. सविस्तर सांगा.

तेलकट हात

दुधाळ म्हणजे तेलात पाणी घुसळलं गेलंय. पाणी आत येतं कसं? रस्त्यावर चालून डिफरन्शियल गरम होतं. आतली हवा पसरलेली असते. तशीच गाडी ओढ्यात उतरवली की हाऊसिंग गार पडतं, हवा आकसते आणि आत ओढ बसते. ती ओढ भागवायला अ‍ॅक्सलवर ब्रीदर असतो. त्याची नळी वरपर्यंत शाबूत असेल तर तो हवा घेतो. नळी निसटली असेल तर ओढ्याचं पाणी घेतो. चिखलाने बुजला असेल तर सीलच्या ओठातून पाणी खेचलं जातं. सील तेल बाहेर जाऊ नये म्हणून केलेलं असतं, बाहेरून आत येणाऱ्या पाण्याला ते फारसं अडवत नाही.

आता तुमचे हब. रोज तुम्ही ते मोकळे ठेवून फिरत असणार. हब मोकळे आणि ट्रान्सफर केस टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना), म्हणजे पुढचे अ‍ॅक्सल शाफ्ट, क्राऊन, पिनियन सगळं जागच्या जागी थांबलेलं. महिनोनमहिने. तेल उडत नाही, वरच्या भागांवरचा थर ओघळून जातो, पाणी हळूहळू तळाशी बसतं. बेअरिंग ज्या अवस्थेत थांबलं त्याच अवस्थेत गंजत राहतं. न फिरणाऱ्या भागातून कीस निघेल कसा? धातू दिसला नाही तो त्यामुळे.

अर्धवट ज्ञानी

सोपं आहे. डिझेल भरा, दहा-वीस किमी चालवा, सगळी घाण धुऊन निघेल. मग नवीन तेल.

तेलकट हात

ज्ञानीभाऊ, हायपॉइड दातांवर डिझेल घालून दहा किमी? निवृत्त धातुवाल्यांनी वर बळीच्या थराबद्दल लिहिलंय, तो थर कुठून येणार? त्याच ग्रेडचं साधं, स्वस्त तेल भरा, हब लावून थोडं चालवा, गरम असतानाच सोडा. तेल अर्धपारदर्शक दिसेपर्यंत पुन्हा. दोन-तीन वेळा लागेल. आणि आधी ब्रीदर, नाहीतर पहिल्या ओढ्याला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

घाटातली

तेलाचा नमुना लॅबला पाठवला तर? मी एकदा इंजिन ऑइलचा पाठवला होता. लोखंड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन असे आकडे येतात, छान तक्ता असतो.

निवृत्त धातुवाला

पाठवायला हरकत नाही. लोखंड म्हणजे दात आणि बेअरिंग, क्रोमियम सोबत असेल तर बेअरिंगचा संशय जास्त, तांबं म्हणजे सिंक्रो रिंग किंवा पितळी वॉशर, अ‍ॅल्युमिनियम म्हणजे केसिंग, सिलिकॉन म्हणजे बाहेरची धूळ किंवा जोडाचा सीलंट. तुमच्या लाल सिलिकॉनमुळेही तो आकडा फुगेल, हे लक्षात ठेवा.

पण त्या चाचणीला डोळा आहे, बोट नाही. ज्योतीत किंवा प्लाझ्मात तेल जाळून प्रकाश मोजतात, त्यात साधारण ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजले जातात. त्याहून मोठा कण जळतच नाही. म्हणजे तुमच्या रुमालातली ४ मिमीची कपची त्या तक्त्यात शून्य. मोठ्या कणांसाठी वेगळ्या चाचण्या असतात, आणि सगळ्यात जुनी म्हणजे प्लगवरचा चुंबक. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये हाच चुंबकी प्लग विजेला जोडलेला असतो. दोन टोकांमधली फट कणांनी भरली की पायलटसमोर दिवा लागतो. आपल्याला दिवा नाही, आपण बोट टोचून घेतो.

अवांतर: बाजारातून निओडिमियमचा साधा चुंबक आणून प्लगला चिकटवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, साध्या प्रतीचा निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या वर गेला की ताकद गमावू लागतो. ओझं ओढताना गिअर ऑइल त्याच्या सहज वर जातं. उष्णता सोसणाऱ्या प्रतीचा घ्या.

नवशिक्या

पुन्हा मधेच. हब मोकळे ठेवले तर पुढचं डिफरन्शियल गंजतं, हे वाचून मी ठरवलंय की आता रोज फोर-एचवरच (ताकद चारही चाकांना) फिरायचं. डांबरी रस्त्यावर पकडही चांगली मिळते.

घाटातली

अरे नको! पार्ट टाइम ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधून टाकते. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. माती, वाळू असेल तर टायर घसरून फरक भागवतात. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाहीत, मग तो पीळ शाफ्ट, साखळी आणि दातांमध्ये साठत जातो. पार्किंगमध्ये वळवताना गाडी कुणीतरी धरून ठेवल्यासारखी अडते, आणि लिव्हर टू-एचला परत येत नाही, ती हीच पिळाची खूण. चार टायर वेगवेगळ्या झिजेचे असले तर सरळ रस्त्यावरही तेच. अशाने पुढच्या वर्षी तू धागा काढशील, ‘ट्रान्सफर केसच्या तेलात काय काय सापडलं’.

महिन्यातून एकदा हब लॉक कर, पण लिव्हर टू-एचलाच राहू दे. चाकं पुढचं डिफरन्शियल फिरवतील, तेल उडेल, आणि मागच्याशी बांधणी नसल्यामुळे पीळ बसणार नाही. पंधरा-वीस किमी पुरे.

नवशिक्या

हे कोणीच सांगितलं नव्हतं. आभार, ताई.

चिखलवाट (धागाकर्ता)

अपडेट. जरा मोठा आहे.

मागचं: कॅमेरा मिळाला. क्राऊनचे दात एकूण एक मोजले, सगळे जागेवर, घासलेल्या बाजूवर एकसारखी चमक. मग प्लेटा. पाचव्या बोल्टपाशी कान नाही! बाजूच्या कानाच्या वाकावर केसाएवढी चीर, कॅमेऱ्याच्या दिव्यात काळी रेघ दिसते. गोळा बाहेर काढून घेतला. मेकॅनिकने टॉर्क रेंच लावला तर दोन बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याच्या आतच फिरले, ढिले झाले होते. म्हणजे अजून काही हजार किमी गेले असते तर ज्ञानीभाऊंचं भाकीत खरं झालं असतं, फक्त कारण वेगळं. सगळ्या प्लेटा नव्या, बोल्ट नवे. बेअरिंगना हातही लावावा लागला नाही. लाल सिलिकॉन खरवडण्यात अर्धा दिवस गेला.

पुढचं: ब्रीदरची नळी अ‍ॅक्सलवरच्या तोटीपासून निसटून स्प्रिंगवर लोंबत होती. गाडी घेतली तेव्हापासून तशीच असेल, मी कधी खाली वाकून पाहिलंच नाही. नवी नळी घातली, इंजिनच्या डब्यात वरपर्यंत नेली. तेल दोनदा धुतलं. तिसऱ्या तेलावर ३०० किमी हब लावून चालवली, आणि आवाज सुरू. ६० च्या पुढे घुमघुम. टायरचा वाटत होता. मग हब मोकळे केले, त्याच रस्त्याने गेलो, आवाज गायब. पुन्हा लॉक केले, पुन्हा आला.

तेलकट हात

हब मोकळे केले तरी चाकाचं बेअरिंग फिरतच राहतं. तेव्हा चाकाचं नाही. पुढचं डिफरन्शियल किंवा पुढचा शाफ्ट. थ्रॉटल देताना आणि सोडल्यावर आवाजात फरक पडतो का?

चिखलवाट (धागाकर्ता)

थ्रॉटल सोडल्यावर वाढतो. तेल सोडलं. या वेळी चुंबकावर पापुद्रे. पातळ, टिकल्यांसारखे, काही तांबूस गंजलेले. तुम्ही पहिल्या उत्तरात वर्णन केलं होतं तसेच.

तेलकट हात

पिनियन बेअरिंग. उघडा. आता वाट बघू नका.

चिखलवाट (धागाकर्ता)

उघडलं. निवृत्त धातुवाल्यांसाठी नीट बघून लिहितो.

पिनियनच्या बेअरिंगची बाहेरची पाटी पुसून उन्हात धरली. अर्ध्या गोलावर काहीच नाही, आरशासारखी. खालच्या अर्ध्यावर काळ्या आडव्या रेघा. एक, मग थोडं अंतर, मग दुसरी, मग तेवढंच अंतर, मग तिसरी. सहा रेघा. रोलर परत लावून बघितले तर प्रत्येक रेघेवर बरोबर एक रोलर बसतो. गाडी उभी असताना ते जिथे टेकले होते तिथे पाणी अडकून त्याने पाटी खाल्ली. मधल्या दोन रेघांच्या कडेला धातू सोलवटलाय, नखाने खड्डा लागतो. पापुद्रे तिथलेच.

दात वाचले. क्राऊन-पिनियन तेच ठेवलं, बेअरिंगं पाट्यांसकट नवी, पिनियन सील नवं, चुरगळणारी बुशही नवी. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायलवर ०.१५ मिमी आला, मॅन्युअलच्या मर्यादेत. दातांना मार्किंगचा रंग लावून ठसा बघितला, मधोमध उमटला.

निवृत्त धातुवाला

सुंदर निरीक्षण. ती पाटी टाकून देऊ नका, कोणाला शिकवायला इतका स्वच्छ नमुना मिळत नाही.

अर्धवट ज्ञानी

मी दात म्हणालो होतो, मागे घेतो. ‘गाडी हलवू नका’ हे मात्र थोडं बरोबर होतं की नाही?

तेलकट हात

चुकीच्या डिफरन्शियलसाठी बरोबर होतं.

घाटातली

आणि गिअरबॉक्स? सोनं राहिलंच.

चिखलवाट (धागाकर्ता)

मॅन्युअल म्हणतं जीएल-४, ७५डब्ल्यू-८५. आधी काय होतं देव जाणे, वास मात्र तुम्ही म्हणता तसा नाकात बसणारा होता. जीएल-४ भरलं. थंडीत पहिल्या दोन किमीत दुसऱ्या गिअरला थोडी करकर अजून आहे. गेलेलं पितळ परत येत नाही, त्यामुळे क्लच पूर्ण दाबून, अर्धा श्वास थांबून गिअर टाकतो. ५,००० किमीला परत सोडून बघेन.

पुढच्या डिफरन्शियलचं तेल १,००० किमीनंतर आज सोडलं. आधी भरायचा प्लग उघडला, तेलकट हातांना सांगा. तेल स्वच्छ, मधासारखं पारदर्शक. चुंबकावर पातळ लेप. बोटाने पुसला, फडक्यावर राखाडी डाग पडला. काही टोचलं नाही.